अपघात आणि प्रमाद

विमान पडल्याची बातमी आली की आपल्याकडे दोन वाक्यं लगेच ऐकू येतात. एक, ‘नशीब त्यांचं, दुसरं काय!’ आणि दुसरं, ‘कुणीतरी हलगर्जीपणा केलेला असणार.’ गंमत म्हणजे ही दोन्ही वाक्यं बहुधा एकच माणूस बोलतो, तीही चहाचा एक कप संपायच्या आत. पहिल्यात कुणाचाच दोष नाही, दुसऱ्यात कुणाचा तरी नक्की आहे. दोन्ही एकाच वेळी खरी कशी असतील, हे विचारायला कुणी थांबत नाही. कारण दोन्ही वाक्यांचं काम एकच असतं. विषय मिटवून टाकायचा आणि आपण मोकळं व्हायचं.

पण हा विषय असा मिटू नये असं मला वाटतं. अपघातात माणसं जातात, आणि कुणालाच ती मारायची नसतात. मग तिथे दोष म्हणायचा तो कशाला? आणि दोष नसेल, तर ज्याच्या हातून ते घडलं त्याने मोकळ्या मनाने जेवावं, झोपावं का? हिंसेचा विचार ज्या परंपरेत मुंगीपर्यंत जाऊन केला आहे, त्या परंपरेत वाढलेल्या बाईला हा प्रश्न टाळता येत नाही.

एक जुनी घटना घेऊ. १९४९ साली आपल्या देशात रात्रीच्या हवाई टपालाची सोय सुरू झाली. रफी अहमद किडवाई तेव्हा दळणवळण मंत्री होते. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री विमानं निघायची, नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर भेटायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करायची आणि आपापल्या गावी परतायची. थैल्यांबरोबर थोडे प्रवासीही असायचे. १ ऑगस्ट १९५३ ला आठ खासगी कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स झाली. आमच्या हैदराबादची डेक्कन एअरवेज ही त्यांतलीच एक. त्यानंतर साडेचार महिनेही झाले नव्हते. १२ डिसेंबर १९५३ ला रात्रीच्या अंधारात नागपूरहून मद्रासला निघालेलं एक डाकोटा विमान जमिनीवरून उचललं, आणि लगेच त्याच्या एका इंजिनाची ताकद गेली. विमान तिथेच जवळ कोसळलं. तेरा माणसं गेली. त्यांत कामगार चळवळीतले मोठे नेते आणि खासदार हरिहरनाथ शास्त्री होते. वाचला तो एकच जण, आणि तो होता विमानाचा वैमानिक.

मला या घटनेत राहून राहून तोच माणूस दिसतो. ज्यांना सुखरूप पोहोचवायचं त्याने पत्करलं होतं ते कुणी राहिले नाहीत, आणि तो राहिला. त्याला आपण काय म्हणू? ‘तुझा काय दोष, इंजिनच बंद पडलं’? की ‘विमान तुझ्या हातात होतं ना’? दोन्ही वाक्यं त्याच्यासमोर उच्चारून बघितली की दोन्ही अपुरी वाटतात.

हे नीट कळायचं तर उड्डाणाच्या वेळी इंजिन बंद पडतं म्हणजे नेमकं काय होतं, ते थोडं बघायला हवं. आमच्या बेगमपेटवरून शहराची प्रवासी विमानं २००८ च्या मार्चमध्ये शमशाबादला गेली, पण शिकाऊ मुलांची छोटी विमानं बेगमपेटच्या आकाशात दिसत राहिली. तिकडे दुंडिगलला हवाई दलाची अकादमी आहे. त्यामुळे एका इंजिनाचं घरघरणारं विमान हैदराबादकरांना नवं नाही. अशा विमानाचं इंजिन हवेत बंद पडलं तर ते दगडासारखं खाली येत नाही. त्याला पंख असतात, ते घसरत घसरत येतं. चार माणसांच्या सेस्नासारखं विमान एक फूट खाली येताना साधारण नऊ फूट पुढे जातं. उंची भरपूर असेल तर वैमानिकाला शेत, माळ, रस्ता शोधायला वेळ मिळतो. पण नुकतंच उचललेलं विमान तीनशे फुटांवर असेल, तर त्याच्याकडे उरतो जेमतेम अर्धा मिनिट आणि पुढचं पाऊण-एक किलोमीटर. बस.

या अर्ध्या मिनिटात माणसाचं मन त्याला दोन चुकीच्या गोष्टी सांगतं. पहिली म्हणजे, जमीन जवळ येते आहे, तर नाक वर ओढ. प्रत्यक्षात नाक वर ओढलं की वेग जातो, वेग गेला की पंख विमानाला धरत नाहीत, आणि मग ते खरोखरच दगडासारखं पडतं. म्हणून करायचं असतं उलटं. जमीन समोर दिसत असताना नाक खाली करायचं, वेग राखायचा. दुसरी गोष्ट, धावपट्टी मागेच तर आहे, आत्ताच तर सोडली, वळ मागे. हा मोह फार मोठा. परंतु कमी उंचीवर वळताना उंची झपाट्याने जाते, आणि मागे वळण्याच्या नादात अनेक चांगले वैमानिक गेले आहेत. म्हणून जगभर शिकवतात ते असं, की कमी उंचीवर इंजिन गेलं तर मागे वळू नकोस. समोर, फार तर थोडं डावीकडे किंवा उजवीकडे, जी मोकळी जागा दिसेल तिथे उतर. विमान मोडलं तरी चालेल.

दोन इंजिनांच्या विमानाची गोष्ट वेगळी. तिथे दुसरं इंजिन चालू असतं, पण तेच विमानाला बंद पडलेल्या बाजूला फिरवायला बघतं. त्याला आवरायलाही वेग लागतो, उंची लागते. नागपूरच्या त्या डाकोटाकडे दोन्ही नव्हतं, आणि बाहेर अंधार होता.

आता सांगा, या अर्ध्या मिनिटात नीतीचा निर्णय कुठे घ्यायचा? आपण अपघाताबद्दल बोलतो तेव्हा नेमकं तेवढंच क्षणचित्र डोळ्यांसमोर आणतो. त्याने असं का केलं, तसं का नाही केलं? पण आपण हे विचारतो तेव्हा आपल्याला शेवट माहीत असतो. त्याला तो माहीत नव्हता.

१५ जानेवारी २००९ ला न्यूयॉर्कमध्ये एका मोठ्या विमानाच्या दोन्ही इंजिनांत उड्डाणानंतर लगेच हंसजातीचे पक्षी शिरले. वैमानिकाने विमान हडसन नदीत उतरवलं आणि आतली १५५ माणसं वाचली. पक्ष्यांच्या धडकेपासून पाण्यापर्यंत त्याला मिळाले २०८ सेकंद. पुढे चौकशीत दुसऱ्या वैमानिकांना जमिनीवरच्या नकली विमानात बसवून तोच प्रसंग पुन्हा उभा केला. इंजिन जाताक्षणी वळलं तर काही वेळा धावपट्टीपर्यंत पोहोचता आलं. पण काय झालं हे समजायला, विचार करायला लागणारे ३५ सेकंद त्यात धरले, तर विमान पोहोचलं नाही. त्या ३५ सेकंदांना मी फार मान देते. दुसऱ्याला दोषी ठरवताना आपण नेमके तेच वजा करत असतो. (आणि त्या मेलेल्या पक्ष्यांची गणना कुणाच्या यादीत नाही. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या आसपास हजाराहून जास्त हंस पकडून मारले गेले, पुढे विमानांना धोका नको म्हणून. आपल्या सुरक्षित प्रवासाचं बिल कोण भरतं, हेही कधीतरी बघायला हवं.)

मग दोष बघायचा तो कुठे? इथे मला तत्त्वार्थसूत्रातली हिंसेची व्याख्या उपयोगी पडते. उमास्वामींनी हिंसा म्हणजे नुसता प्राणघात असं म्हटलेलं नाही. त्याच्या आधी त्यांनी एक शब्द ठेवला आहे, प्रमत्त. बेसावधपणाने, गाफील मनाने, विकाराच्या भरात केलेल्या कृतीतून प्राण जाणं म्हणजे हिंसा. आचार्य कुंदकुंदांनी ‘प्रवचनसारा’त हाच धागा पुढे नेला आहे. बघून, जपून पाऊल टाकणाऱ्या मुनीच्या पायाखाली एखादा जीव आलाच, तर त्याला त्या हिंसेचा बंध लागत नाही. आणि न बघता चालणाऱ्याच्या पायाखाली एकही जीव आला नाही, तरी हिंसा त्याच्या खात्यावर पडते.

यातला पहिला भाग आपल्याला आवडतो. सावध माणसाला माफी, हे ऐकायला बरं वाटतं. दुसरा भाग मात्र आपण पटकन ओलांडून जातो, आणि खरी जड गोष्ट तीच आहे. जो बेसावध होता आणि ज्याचं काहीही बिघडलं नाही, तोही दोषी! म्हणजे ज्या दिवशी अपघात झाला नाही, त्या दिवसाचाही हिशेब आहे. एक मेकॅनिक कंटाळा करून एक तपासणी गाळतो, वहीत ‘केली’ म्हणून सही मारतो, आणि विमान सुखरूप जाऊन येतं. जगाच्या लेखी काही घडलंच नाही. वर्तमानपत्रात बातमी नाही, चौकशी नाही. पण या व्याख्येप्रमाणे घडायचं ते घडून गेलेलं आहे. उद्या अपघात होईल तो त्याच सहीचा होईल. फक्त तारीख वेगळी.

मला वाटतं, अपघाताचा नैतिक प्रश्न त्या अर्ध्या मिनिटात शोधणं ही आपली मोठी गफलत आहे. तो आदल्या दिवशी शोधायला हवा, आदल्या महिन्यात, आणि मुख्य म्हणजे काहीच न झालेल्या शेकडो दिवसांत.

छोट्या विमानाचा वैमानिक उड्डाणाआधी एक काम करतो. एका पारदर्शक पेल्यात टाकीच्या तळातून थोडं इंधन काढतो आणि उजेडात धरून बघतो. पाणी इंधनापेक्षा जड, त्यामुळे टाकीत पाणी गेलं असेल तर ते तळाशी बसतं आणि पेल्यात त्याचा वेगळा थेंब दिसतो. छोट्या विमानांच्या पेट्रोलला निळसर रंग दिलेला असतो, म्हणून पाणी लगेच ओळखू येतं. हे पाणी इंजिनापर्यंत पोहोचलं तर इंजिन बंद पडू शकतं, आणि तेही पुष्कळदा उड्डाणाच्या वेळीच, कारण तेव्हाच इंजिन सगळ्यांत जास्त इंधन ओढत असतं. काम दोन मिनिटांचं. शंभरातल्या नव्याण्णव वेळा पेल्यात काही निघत नाही. म्हणूनच ते टाळावंसं वाटतं.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या घरातलं पाणी गाळणं आठवलं. आमच्या सासूबाई दुहेरी फडक्यातून पाणी गाळायच्या आणि फडक्यावर राहिलेले जीव त्याच पाण्यात परत सोडायच्या. जिवाणी म्हणतात त्याला. त्या फडक्यावर त्यांना कधी काही दिसलं असेल असं मला वाटत नाही. नळाचं पाणी, मंजिराचं. पण ‘दिसत नाही म्हणून नाही’ असं त्यांनी कधी धरलं नाही. त्यांच्या गाळण्याचा उपयोग काय, असं पूर्वी लोक विचारायचे. मी तरी असं म्हणेन, की रोज काही न निघणाऱ्या फडक्याकडे रोज बघणं हाच त्याचा उपयोग. यत्नाचार म्हणतात तो हाच. फळ दिसत नसताना घेतलेली काळजी.

आपल्याकडे पाच समिती सांगितल्या आहेत. त्यांतली आदान-निक्षेपण समिती म्हणजे वस्तू उचलताना आणि ठेवताना बघून उचलणं, बघून ठेवणं. विमान दुरुस्तीच्या कारखान्यात हत्यारांचा एक फळा असतो. प्रत्येक पान्याची, प्रत्येक पकडीची आकृती त्यावर रंगवलेली असते. काम संपल्यावर एखादी आकृती रिकामी दिसली, तर हत्यार सापडेपर्यंत विमान सोडत नाहीत, कारण ते इंजिनाच्या पोटात राहिलेलं असू शकतं. त्या फळ्याला समिती म्हणायला माझी काही हरकत नाही.

प्रमादाचे पंधरा प्रकार आपल्या ग्रंथांत मोजले आहेत. चार विकथा, चार कषाय, पाच इंद्रियं, निद्रा आणि स्नेह. लहानपणी पाठशाळेत पाठ करताना ते कोरडे वाटतात. विमानाच्या संदर्भात लावून बघा. विकथा म्हणजे वायफळ गप्पा. राजकारणाच्या गप्पा त्यात स्वतंत्र मोजलेल्या आहेत. १९७४ साली अमेरिकेत शार्लटला उतरताना एक प्रवासी विमान पडलं. वैमानिक शेवटच्या मिनिटांपर्यंत राजकारण आणि जुन्या मोटारी यांवर बोलत होते, हे ध्वनिमुद्रणात निघालं. पुढे १९८१ मध्ये तिथे नियम झाला, की दहा हजार फुटांखाली असताना वैमानिकांनी कामाशिवाय बोलायचं नाही. निद्रा म्हणाल, तर वैमानिकांच्या विश्रांतीच्या तासांवरून आजही भांडणं चालली आहेत. कषायांतला मान म्हणजे ‘मला जमतं’ म्हणणं. लोभ म्हणजे एक फेरी वाचवणं. काही सांगायचं राहिलं असं मला वाटत नाही.

आणखी एक गोष्ट. उड्डाणाआधी वैमानिक स्वतःशी किंवा सोबतच्याशी मोठ्याने बोलतो. धावपट्टीवर असताना इंजिन गेलं तर मी थांबेन. हवेत, इतक्या उंचीखाली गेलं तर समोरच उतरेन, वळणार नाही. हे सगळं इंजिन उत्तम चालू असताना बोलायचं. मला हे व्रतासारखं वाटतं. आपण रात्रीभोजनाचा त्याग करतो तो भूक लागलेली नसताना करतो. भूक लागल्यावर निर्णय घ्यायला बसलो तर काय निर्णय होईल ते सांगायला नको. शांत असताना बांधून घेतलेलं मन गोंधळात उपयोगी पडतं. अर्ध्या मिनिटात कुणी शहाणा होत नाही. तो आधी जितका होता तितकाच तिथे असतो.

पण वैमानिक आणि मेकॅनिक यांच्यावर सगळं टाकून आपण बाजूला होऊ शकत नाही. आपल्या शास्त्रात पाप तीन वाटांनी लागतं. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि दुसऱ्याने केलेलं पाहून मान डोलावलेलं. कृत, कारित, अनुमोदित. ‘हवा बरी नाही, उद्या जाऊ’ म्हणणाऱ्या वैमानिकाला ‘साहेबांना आजच पोहोचायचंय’ असं सांगणारा कारित. आणि विमान अर्धा तास थांबलं की कपाळाला आठ्या घालून तिथल्या पोरीवर ओरडणारे आपण सगळे अनुमोदित. आपण ओरडतो तेव्हा कुठेतरी कुणीतरी तपासत असतं.

आणि मोकळ्या जागेचं काय? वैमानिकाला शिकवलं आहे, की समोर मोकळी जागा दिसेल तिथे उतर. पण समोर मोकळी जागा ठेवायची कुणी? बेगमपेट बांधलं तेव्हा ते गावाबाहेर होतं. आता त्याच्या चारही बाजूंना शहर आहे. धावपट्टीच्या टोकाशी उभं राहून बघितलं तर गच्च्या, पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेले कपडे. ३ मार्च २०१० ला बेगमपेटला विमानांचं प्रदर्शन होतं. नौदलाच्या कसरती करणाऱ्या तुकडीचं एक विमान बोवेनपल्लीतल्या वस्तीत इमारतीवर पडलं आणि दोन्ही वैमानिक गेले. तो उड्डाणाच्या वेळचा अपघात नव्हता, पण विमान पडायला शहरात घरांशिवाय जागा नव्हती हे खरंच. २८ जून २०१८ ला मुंबईत जुहूहून चाचणीसाठी निघालेलं एक छोटं विमान घाटकोपरला पडलं. आतली चार आणि रस्त्याने जाणारा एक, अशी पाच माणसं गेली. ते पडलं तिथे इमारतीचं बांधकाम चालू होतं. दुपारची वेळ, मजूर जेवायला गेलेले, म्हणून आणखी माणसं वाचली. त्या गल्लीचं नाव जीवदया लेन.

मोकळी जागा एका दिवसात जात नाही. एकाने परवानगी दिली, एकाने बांधलं, एकाने स्वस्तात मिळतो म्हणून फ्लॅट घेतला, बाकीच्यांनी ‘आता काय, सगळीकडे असंच आहे’ म्हटलं. त्यांतल्या कुणालाच कुणाला मारायचं नव्हतं. वैमानिकाला तरी कुठे मारायचं असतं?

१२ जून २०२५ ला अहमदाबादला मोठं विमान उड्डाण करताच वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर पडलं. विमानातला एकच प्रवासी वाचला, २६० माणसं गेली. महिन्याभरात पंधरा पानांचा प्राथमिक अहवाल आला, की उड्डाणानंतर दोन्ही इंजिनांच्या इंधनाची बटणं बंदच्या स्थितीत गेली होती. कशी गेली, हे त्यात ठरवलेलं नव्हतं. तरी संध्याकाळपर्यंत घराघरांत निकाल लागला होता. मेलेल्या वैमानिकाला उत्तर देता येत नाही. त्याच्या घरच्यांना मात्र टीव्ही बघावा लागतो. भाषा समिती नावाची एक गोष्ट आपल्याकडे आहे, बघून बोलण्याची. पायाखाली बघणाऱ्यांनी तोंडाखालीही बघावं, एवढंच.

आता ‘कर्म’ या शब्दाबद्दल. ‘त्यांचं कर्म’ असं आपल्यातले लोक फार सहज म्हणतात, अगदी सांत्वनाला गेल्यावरसुद्धा. मला ते पटत नाही. कर्मसिद्धांत माणसाला स्वतःच्या कृतीकडे बघायला लावण्यासाठी आहे, दुसऱ्याच्या मरणाची फाइल बंद करण्यासाठी नाही. ज्याने टाकीतलं पाणी तपासलं नाही त्याने ‘प्रवाशांचं कर्म’ म्हणावं, यापेक्षा त्या शब्दाची मोठी विटंबना नसेल. दुसऱ्याचं कर्म मला दिसत नाही. माझा प्रमाद मला दिसू शकतो. तेवढंच बघण्याचा मला अधिकार आहे.

यावर कुणी विचारेल, ठीक आहे, पण ज्याने सगळं नीट केलं, तपासलं, नाक खाली केलं, समोरच उतरला, आणि तरी माणसं गेली, त्याचं काय? तुमच्या व्याख्येने तो निर्दोष. मग त्या गेलेल्या माणसांच्या बायकोला, मुलांना सांगायचं काय, की इथे कुणीच काही केलेलं नाही?

हा प्रश्न खरा आहे, आणि नुसत्या ‘निर्दोष’ या शब्दाने तो सुटत नाही. पण परंपरेने इथेही एक वाट ठेवली आहे. साधू जपून चालतो, बघून पाऊल टाकतो. तरीही चालून आल्यावर तो इर्यापथ प्रतिक्रमण करतो. वाटेत माझ्याकडून कळत-नकळत जे जीव दुखावले असतील त्यांची क्षमा मागतो. तुम्ही म्हणाल, जपून चालला होता ना, मग क्षमा कशाची? दोषाची नव्हे. जे घडलं ते माझ्या पायाखाली घडलं, याची. दोष नसतानाही संबंध असतो. तो संबंध नाकारला की माणूस कोरडा होतो, आणि त्यालाच दोष म्हटलं की माणूस मोडतो. क्षमा मागणं या दोन्हींच्या मधलं आहे. त्यात कबुलीजबाब नाही आणि हात झटकणंही नाही.

आपण मात्र क्षमा म्हणजे गुन्ह्याची कबुली असं धरून बसलो आहोत. म्हणून अपघातानंतर सगळे वकिलाला विचारून बोलतात. कंपन्या ‘दुःख’ व्यक्त करतात, पण कुणाच्या दारात जात नाहीत. आणि ज्याला खरंच जाऊन हात जोडावेसे वाटतात, त्यालाही घरचे अडवतात, ‘जाऊ नकोस, अंगाशी येईल.’ मग तो ते आयुष्यभर आत घेऊन बसतो. पर्युषणात शेकडो लोकांना आपण ‘मिच्छामि दुक्कडम्’चे निरोप पाठवतो, ज्यांचं आपण काही बिघडवलेलं नसतं त्यांनाही. त्या शब्दांची खरी गरज जिथे असते तिथे ते पोहोचत नाहीत.

विमान अपघातांची चौकशी करणारे लोक एक गोष्ट चांगली करतात. आंतरराष्ट्रीय नियमच आहे, की या चौकशीचा हेतू पुढचा अपघात टाळणं हा आहे. कुणाला दोषी ठरवणं हा नाही. आपल्याकडच्या अहवालांतही हे वाक्य सुरुवातीलाच छापलेलं असतं. पुष्कळांना ती पळवाट वाटते. मला ते सामुदायिक प्रतिक्रमणासारखं वाटतं. प्रतिक्रमण म्हणजे परत फिरणं, झालेल्या वाटेवरून पुन्हा मागे जाऊन बघणं. हवेत तीनशे फुटांवर असताना परत फिरायचं नसतं. पण जमिनीवर आल्यावर परत फिरायलाच हवं. कुठलं स्क्रू सैल होतं, कुठल्या वहीत खोटी सही होती, समोरचं मैदान कुणी विकलं, कुणी घाई केली, हे सगळं. हे केलं नाही तर गेलेली माणसं नुसती गेली.

म्हणून नागपूरच्या त्या एकट्या वाचलेल्या वैमानिकाला मी ‘तुझा दोष नाही’ असं म्हणणार नाही, आणि ‘तुझाच दोष’ असंही नाही. तेवढं म्हणायला मी त्या अर्ध्या मिनिटात तिथे नव्हते, आणि उड्डाणाआधी काय काय तपासलं होतं तेही मी पाहिलेलं नाही. मी त्याला बसायला जागा देईन आणि त्याला बोलायचं असेल तितकं बोलू देईन. ज्यांचं माणूस गेलं त्यांनाही तेवढंच. निकाल द्यायला पुष्कळ लोक आहेत.

आणि स्वतःला विचारायचं ते सोपं आहे, रोज विचारण्यासारखं. आज कशाकडे न बघता ‘बघितलं’ म्हटलं? गॅसची नळी किती वर्षांची झाली? गच्चीच्या कठड्याचं प्लास्टर सुटलं आहे, ते खालून जाणाऱ्याच्या डोक्यावर पडायची वाट बघतोय का आपण? आज काही झालं नाही, ही चांगली गोष्ट. पण आज काही झालं नाही म्हणून आज सगळं ठीक होतं, असं मात्र नाही.